टेनामेंटला इंग्रजीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे आपल्या बडोद्याचेच, मांजलपूरला राहणारे. आयेल्ट्स ह्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे, मास्टर्ससाठी इंग्लंडला जायचंय, बहीण आधीच कॅनडात आहे. सरावाच्या तोंडी परीक्षेत 'तुम्ही कुठे राहता' ह्यावर त्यांनी 'आय लिव्ह इन अ टेनामेंट' असं सांगितलं. समोरच्या बाई बरीच वर्षं लंडनला काढून आलेल्या. त्यांनी जरा हळहळून विचारलं, त्या इमारतीत किती कुटुंबं राहतात? हे म्हणाले, एकच, आम्हीच. मग दोघंही गोंधळले. क्लासमध्ये घरांच्या प्रकारांची चाळीस शब्दांची यादी मिळाली आहे, तीत टेनामेंट नाही. शिवाय आजोबांचा जुन्या गावात वाडा आहे आणि काका अलकापुरीला 'बंगल्यात' राहतात. हे सगळं कसं सांगायचं आणि ती यादी पाठ करायची का, असं त्यांनी विचारलंय.

मी बावीस वर्षं बडोद्यात इंग्रजी शिकवते आणि जोडीला कागदपत्रांची भाषांतरं करते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, व्हिसाच्या फाइली असलं काय काय. 'घर' ह्या एका गोष्टीवर मी जेवढी आपटले आहे तेवढी दुसऱ्या कशावर नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुमचा शब्द कमी पडला असं तुम्हाला वाटतंय, पण तसं झालेलं नाही. शब्द तुमच्याकडे होता आणि तो अस्सल इंग्रजी होता. फक्त आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळाच झालाय, आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही. ज्या शब्दाला मराठी वास येतो तिथे आपण सावध असतो. वाडा म्हणताना तुम्ही थांबलातच की. टेनामेंट, डुप्लेक्स, बंगला, टेरेस, फार्महाऊस, हॉस्टेल म्हणताना कुणी थांबत नाही, आणि घात तिथेच होतो.

आधी टेनामेंट. बडोद्यात किंवा अहमदाबादला टेनामेंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सोसायटीतला छोटा प्लॉट, पुढे लोखंडी झांपा म्हणजे फाटक, स्कूटर लावण्यापुरती जागा, ओट्यावर हिंचका, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, आणि वर एक खोली, बांधलेली किंवा 'पुढे कधीतरी बांधू' म्हणून सळया वर काढून ठेवलेली. मध्यमवर्गीयाचं चांगलं, सुखवस्तू घर. अमेरिकन माणसाला हाच शब्द ऐकून एकोणिसाव्या शतकातलं न्यू यॉर्क आठवतं. पाच-सहा मजल्यांच्या कोंदट इमारती, एकेका खोलीत अख्खं कुटुंब, आतल्या खोल्यांना खिडकीच नाही. तिथली हालत इतकी वाईट होती की १९०१ साली कायदा करून नव्या इमारतींत बाहेरच्या हवेकडे उघडणाऱ्या खिडक्या आणि घरटी संडास सक्तीचे करावे लागले. लंडनकरालाही त्या शब्दातून गरिबी आणि दाटीच ऐकू येते, म्हणून बाई हळहळल्या. गंमत म्हणजे त्या ग्लासगोच्या असत्या तर हळहळल्या नसत्या. स्कॉटलंडमध्ये टेनामेंट म्हणजे दगडी, तीन-चार मजली, सामाईक जिन्याची इमारत, आणि तिथे झकास पगारवाले लोकही आवडीनं राहतात.

मग आपल्याकडे हा शब्द असा कसा वळला? त्याचं मूळ लॅटिन, 'धरणे' अशा अर्थाचं. टेनंट हा त्याचाच भाऊ. कायद्याच्या इंग्रजीत टेनामेंट म्हणजे कुणीतरी धारण केलेली जागा, मग ती कसलीही असो. अहमदाबादच्या मालमत्ता कराच्या बिलावर आजही फ्लॅटला काय नि दुकानाला काय, 'टेनामेंट नंबर'च असतो. कचेरीच्या कागदावरचा तो कोरडा शब्द लोकांच्या तोंडी गेला आणि घराच्या एका आकाराला जाऊन चिकटला. म्हणजे तुम्ही चूक बोललात असं मी म्हणणार नाही. तुम्ही गुजरातचं इंग्रजी बोललात, आणि ते समोरच्या बाईंना येत नव्हतं.

आता सांगायचं कसं? वर्गात मी फळ्यावर एकाला एक लागून पाच चौकोन काढते, थोडं अंतर सोडून दोन जोडलेले, आणि लांब एक एकटा. मग विचारते, तुमचं घर ह्यातलं कुठलं? इंग्लंडमधला माणूस घराचं नाव ठरवताना पहिल्यांदा बघतो ते भिंतीकडे. एकही भिंत कुणाला लागत नसेल तर डिटॅच्ड हाऊस. एका बाजूची लागत असेल तर सेमी-डिटॅच्ड, बोलताना नुसतं 'सेमी'. दोन्ही बाजूंच्या लागत असतील तर टेरेस्ड हाऊस, आणि ओळीतलं शेवटचं असेल तर एंड-ऑफ-टेरेस. अमेरिका-कॅनडाकडे एकट्या घराला सिंगल-फॅमिली होम किंवा डिटॅच्डच म्हणतात, आणि ओळीतल्याला रो हाऊस किंवा टाउनहाऊस. आपले बिल्डर 'ट्विन बंगलो' म्हणून जे विकतात तो म्हणजे सेमी. ब्रोशरवर 'व्हिला' छापलं असलं तरी तो सेमीच. इंग्रजाला व्हिला म्हटलं की स्पेनमधलं सुट्टीचं घर आठवतं, पोहण्याच्या तलावासकट.

भिंतीचं झालं की दुसरा प्रश्न: डोक्यावर किंवा पायाखाली दुसरं कुणी राहतं का? राहत असेल तर ते हाऊस नव्हेच. मग फ्लॅट, अमेरिकेत अपार्टमेंट, ऑस्ट्रेलियात बरेचदा युनिट. फ्लॅटचा सपाटपणाशी संबंध असेल असं वाटतं ना? तो स्कॉटलंडमधल्या 'फ्लेट' ह्या जुन्या शब्दावरून आलाय, त्याचा अर्थ घराचा आतला भाग, मजला. आणि एक लक्षात ठेवा, काँडो हा आकार सांगणारा शब्द नाही, तो मालकी सांगतो. कॅनडात बहीण 'काँडोत राहते' म्हणाली तर इमारत आपल्या फ्लॅटसारखीच असते, फक्त एकेक घर एकेकाच्या मालकीचं आणि जिना-लिफ्ट-अंगण सगळ्यांचं मिळून. म्हणजे आपला ओनरशिप फ्लॅटच म्हणा ना.

तिसरा प्रश्न मजल्यांचा, आणि इथे डुप्लेक्स येतो. बडोद्यात डुप्लेक्स म्हणजे खाली हॉल-किचन, वर बेडरूम, मध्ये जिना, राहणारं कुटुंब एक. अमेरिकेत नुसतं डुप्लेक्स म्हटलं तर दोन कुटुंबांसाठी बांधलेली एक इमारत, शेजारी-शेजारी किंवा खाली-वर. तुम्ही एक जिना सांगायला गेलात आणि समोरच्यानं दोन बिऱ्हाडं मोजली असं होतं. दोन मजली फ्लॅट असेल तर अमेरिकेत डुप्लेक्स अपार्टमेंट म्हणा, इंग्लंडमध्ये मेझोनेट. आपल्याकडचा डुप्लेक्स स्वतंत्र असेल तर सरळ 'टू-स्टोरी हाऊस' म्हणून मोकळं व्हावं. मजले मोजतानाही जपा. अमेरिकेत तळमजला हाच फर्स्ट फ्लोअर असतो. इंग्लंडमध्ये तो ग्राउंड फ्लोअर, आपल्यासारखाच.

आता काकांचा बंगला. हा शब्द आपल्याच देशातून तिकडे गेला. बंगालकडच्या पद्धतीचं घर ते बंगला. इथल्या इंग्रजांच्या लिखाणात तो सतराव्या शतकात दिसायला लागतो. प्रत्यक्ष इंग्लंडमध्ये बंगले उभे राहिले ते १८७०च्या सुमाराला, केंटच्या समुद्रकिनाऱ्यावर, हवा खायला येणाऱ्यांसाठी. जाताना त्यानं एक गोष्ट पक्की धरून ठेवली: सगळं घर एका मजल्यावर. आजही ब्रिटनमध्ये बंगलो म्हणजे बैठं घर, जिना चढायला नको म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम घेतात ते. छपराच्या पोटात एखादी खोली काढली तर त्याला डॉर्मर बंगलो असं वेगळं नाव देतात, इतकं ते एका मजल्याबद्दल कडक आहेत. आपल्याकडे उलट झालं. साहेब राहायचा तो बंगला, म्हणून बंगला म्हणजे ऐसपैस, बागेचं, मानाचं घर. मजले कितीही असोत. दांडिया बाजारातलं अरविंद निवास बघा. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते, त्यातला बराच काळ ते ह्या घरात राहिले. त्याला वरचा मजला आहे, तरी आपल्या लेखी तो बंगलाच. हाच 'टू-स्टोरी बंगलो' म्हणून लंडनकराला सांगितला तर त्याच्या कानाला ते 'दुमजली बैठं घर' असं लागणार. तेव्हा काका अलकापुरीला 'अ लार्ज डिटॅच्ड हाऊस विथ अ गार्डन'मध्ये राहतात. काकांना सांगू नका, त्यांना हे आवडायचं नाही.

वाड्याचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी स्वतः सपाटून मार खाल्लेला आहे.

भाषांतरं सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि आर्थिक मदतीसाठी अर्ज करायचा होता. वडिलांच्या नावे काय काय मालमत्ता आहे ह्याचं मराठी-गुजराती कागदांवरून भाषांतर माझ्याकडे आलं. कागदावर लिहिलं होतं, 'वडिलोपार्जित वाड्यातील हिस्सा'. मी विचार केला, लक्ष्मी विलास हा राजवाडा, त्याला सगळं जग पॅलेस म्हणतं. मग राजाचा नसलेला वाडा म्हणजे मॅन्शन. दिलं लिहून: 'शेअर इन द ॲन्सेस्ट्रल मॅन्शन'. फार खूश होते मी त्या शब्दावर.

तीन आठवड्यांनी मुलगा मेलची प्रत घेऊन दारात उभा. तिकडून विचारणा होती की ह्या मॅन्शनची आजची बाजारभावानं किंमत किती, त्याच्या देखभालीवर वर्षाला किती खर्च होतो, आणि ते भाड्यानं दिलंय का. त्यांचं काय चुकलं? आर्थिक मदत मागणाऱ्याच्या घरी मॅन्शन असेल तर कुणीही विचारेलच. मी दुसऱ्या दिवशी त्या मुलाबरोबर वाडा बघायला गेले, जे आधीच करायला हवं होतं. मधे चौक, चौकात एक नळ, नळापाशी ओळीनं लावलेल्या बादल्या, प्रत्येक बादलीच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. कुणाची कुठली हे कळावं म्हणून. तीन चुलत घरं तिथे नांदत होती. ह्यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक अंधारं स्वयंपाकघर. जिन्याच्या लाकडाला टेकू दिलेला. त्या घराला मी मॅन्शन म्हटलं होतं.

मग नव्यानं लिहिलं: 'वाडा' हा शब्द तसाच ठेवला आणि पुढे एक वाक्य जोडलं, की हे चौकाभोवती बांधलेलं जुन्या पद्धतीचं मराठी घर असून कुटुंबाच्या तीन शाखा त्यात राहतात, अर्जदाराच्या वडिलांच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर आहे. त्यानंतर तिकडून प्रश्न आला नाही.

तेव्हापासून माझी रीत ठरून गेली. ज्या घराला इंग्रजीत जुळं भाऊबंद नाही, त्याचं नाव बदलायचं नाही. नाव सांगायचं आणि लगेच एका वाक्यात ते कसं असतं ते सांगायचं. पोळ (एका दरवाज्याआड असलेली घरांची गल्ली), खडकी (तशीच, पण छोटी), वाडा, चाळ, सगळ्यांना हेच. चाळ तर इंग्रजी शब्दकोशांत जाऊनही बसली आहे. आणि वाड्या-वाड्यांतही फरक आहे, हे विसरू नका. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा चार मजली, लाकडी, भिंतीभर चित्रं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. बडोद्याच्या एका दिवाणाचं ते घर. त्याला कुणी मॅन्शन म्हटलं तर मी भांडणार नाही. तुमच्या आजोबांचा वाडा ह्यातला कुठला ते तुम्हालाच माहीत. चौक आहे का, किती कुटुंबं आहेत, अजून कुणी राहतं का, ह्यावरून तुमचं वाक्य ठरेल.

बाकीचे फसवे शब्द भराभर सांगते. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे. इंग्लंडमध्ये टेरेस ही घरांची ओळ असते किंवा बाहेर बसण्याची फरसबंद जागा. उत्तरायणाला पतंग उडवतो ती 'फ्लॅट रूफ' किंवा 'रूफ टेरेस'. 'आय लिव्ह इन अ सोसायटी' म्हणालात तर समोरचा म्हणेल, सगळेच समाजात राहतात. त्याऐवजी 'हाउसिंग सोसायटी' किंवा 'अ स्मॉल रेसिडेन्शियल कॉम्प्लेक्स' म्हणा. फार्महाऊस म्हणजे शेतकऱ्याचं शेतावरचं राहतं घर. बडोद्याजवळ पादरा गावाकडे किंवा सिंधरोटला शनिवार-रविवार शेकोटी करायला जातो ते 'वीकेंड हाऊस'.

तुम्ही विद्यार्थी म्हणून जाताय, तेव्हा ह्यांहून जास्त कामाला येणारे शब्द निराळेच आहेत, आणि यादीत बहुधा नसतील. विद्यापीठाच्या वसतिगृहाला इंग्लंडमध्ये हॉल ऑफ रेसिडेन्स, बोलताना नुसतं 'हॉल्स' म्हणतात. अमेरिकेत डॉर्म. हॉस्टेल म्हटलं तर तिथल्यांना प्रवाशांसाठीची किंवा बेघरांसाठीची स्वस्त सोय वाटते. एका खोलीत सगळं आणि न्हाणीघर इतरांबरोबर वाटून घ्यायचं, तो बेडसिट. तेच सगळं स्वतंत्र असेल तर स्टुडिओ. बहिणीनं 'बेसमेंट'मध्ये जागा घेतली असं सांगितलं तर घाबरू नका, कॅनडात घरमालक तळघर नीट बांधून भाड्यानं देतात आणि हजारो विद्यार्थी तिथेच राहतात, फक्त खिडकी केवढी आहे ते बघून घ्यावं. एन-सूट म्हणजे खोलीला जोडून स्वतःचं न्हाणीघर, ह्यासाठी भाडं चढतं. आणि अमेरिकेत घर वाटून घेणारा तो रूममेट, खोली वेगळी असली तरी. इंग्लंडमध्ये रूममेट म्हणालात तर एकाच खोलीत झोपता असं समजतील, तिथे फ्लॅटमेट किंवा हाऊसमेट म्हणा. पीजी, म्हणजे पेइंग गेस्ट, हा शब्द इथेच सोडून जा.

आता चाळीस शब्दांची यादी. पाठ करू नका असं मी म्हणेन. तोंडी परीक्षा सगळी मिळून ११ ते १४ मिनिटांची, त्यातला घरादाराच्या साध्या प्रश्नांचा पहिला भाग चार-पाच मिनिटांचा. गुण चार गोष्टींवर असतात आणि शब्दसंग्रह हा त्यांतला एक, चौथा हिस्सा. मॅन्शन, पेंटहाऊस, इग्लू अशी नावं ओळीनं म्हटल्यानं तो हिस्सा भरत नाही. नेमका शब्द निवडता येणं आणि शब्द नसेल तिथे दुसऱ्या शब्दांत समजावता येणं, हे परीक्षक बघतात. ब्रिटिश बोललात की अमेरिकन, ह्यानं फरक पडत नाही, दोन्ही चालतं. यादी जवळ ठेवा, पण ऐकण्याच्या परीक्षेसाठी. तिथे घर भाड्यानं घेण्याचं फोनवरचं संभाषण वरचेवर येतं, आणि सेमी-डिटॅच्ड, फर्निश्ड, डिपॉझिट हे शब्द कानाला ओळखीचे हवेत.

म्हणजे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: 'टेनामेंट' टाळू नका, फक्त एकटं सोडू नका. असं काहीतरी म्हणून बघा: 'वी लिव्ह इन अ स्मॉल सेमी-डिटॅच्ड हाऊस इन द साऊथ ऑफ वडोदरा. लोकली इट्स कॉल्ड अ टेनामेंट, बट इट्स जस्ट आवर फॅमिली. वी शेअर वन वॉल विथ द नेबर्स, अँड देअर इज अ स्विंग ऑन द व्हरांडा व्हेअर माय ग्रँडफादर रीड्स द पेपर.' आजोबा पेपर वाचत नसतील तर जो कोणी हिंचक्यावर बसतो त्याला घाला. तुमच्या बाईंनी विचारलेला 'किती कुटुंबं' हा प्रश्न ह्यात विचारण्याआधीच मिटतो.

हे मी तुमची एकच भिंत सामाईक आहे असं धरून लिहिलंय. दोन्ही बाजूंनी असेल तर सेमीच्या जागी 'टेरेस्ड' घाला आणि 'वन वॉल'चं 'वॉल्स ऑन बोथ साइड्स' करा. आणि व्हिसाच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना ह्यातलं काहीही करू नका. पासपोर्टवर 'टेनामेंट नंबर बी-१२' असेल तर फॉर्मवरही अक्षरशः तेच. तिथे सुधारणा करायला गेलात तर दोन कागदांवर दोन पत्ते होतील आणि ते निस्तरायला पुन्हा माझ्यासारखीकडेच यावं लागेल.